किडनीतली गाठ : रक्तवाहिन्यांचे चित्र कसे काढावे, कसे वाचावे

घाईने कॅथेटर हातात घेऊ नका. आधी डाय न देता पातळ कापांचा साधा सीटी काढा. गाठीत उणे 10 हाउन्सफील्डच्या खाली जाणारी चरबी सापडली, तर ती बहुधा अँजिओमायोलायपोमाच असते, म्हणजे रक्तवाहिन्या, स्नायू आणि चरबी यांची साधी गाठ. चरबीसोबत चुन्याचे ठिपके असले तर मात्र थांबा. क्वचित कर्करोगाच्या गाठीतही चरबी असते.

पुढची पायरी सीटी अँजिओग्राफी. क्रिएटिनिन पाहा, डायची ॲलर्जी, गर्भारपण, मेटफॉर्मिनची गोळी यांची चौकशी करा. डाय शिरेतून सोडल्यावर साधारण 30 सेकंदांनी धमन्यांचे चित्र घ्या आणि सुमारे 100 सेकंदांनी किडनी एकसारखी उजळल्यावर पुन्हा एक.

कॅथेटरची अँजिओग्राफी आता केवळ निदानासाठी सहसा करत नाहीत. गाठीतून रक्तस्राव होत असेल किंवा तिची धमनी बंद करायची असेल, तेव्हाच ती करावी. जांघेत भूल द्या, धमनीत सुई, सुईतून तार, तारेवरून कॅथेटर: सेल्डिंगर यांनी 1953 साली मांडलेली ही पद्धत आजही तीच आहे. किडनीच्या धमनीत शिरण्याआधी महाधमनीचे चित्र घ्याच. साधारण चारातल्या एकाला जादा धमनी असते आणि गाठीला रक्त नेमके तिच्यातूनच मिळत असू शकते.

आता वाचन. अँजिओमायोलायपोमात धमन्या वेड्यावाकड्या, जागोजागी फुगलेल्या दिसतात. प्रत्येक फुगा मोजा. फुगा 5 मिलिमीटर किंवा अधिक असेल, तर फुटण्याचा धोका वाढतो. 4 सेंटिमीटरहून मोठ्या गाठीकडेही तितकेच लक्ष हवे, गर्भवती बाईच्या बाबतीत तर जास्तच.

ऑन्कोसायटोमा या दुसऱ्या साध्या गाठीत धमन्या कडेकडून मध्याकडे चाकाच्या आऱ्यांसारख्या जातात आणि गाठ एकसारखी उजळते. चित्र देखणे असते, म्हणूनच फसवते. हेच आरे कर्करोगाच्या गाठीतही दिसतात. तेवढ्यावर ‘साधी गाठ’ असा रिपोर्ट देऊन रुग्णाला घरी पाठवणे मला धोक्याचे वाटते. ‘ऑन्कोसायटोमाची शक्यता’ एवढेच लिहा आणि बायॉप्सीबद्दल युरॉलॉजिस्टशी बोला.

कॅथेटर काढल्यावर जांघ 10 ते 15 मिनिटे हाताने दाबून धरा. रुग्णाला काही तास पाय सरळ ठेवून झोपवा आणि पावलाची नाडी अधूनमधून तपासत राहा.