परक्या उंबरठ्यावर : स्वतंत्र चित्रपटातील स्थलांतरित

स्थलांतर ही गोष्ट भारतीय वाचकास अपरिचित नाही. पाऊस हुलकावणी देतो, सावकाराचे देणे वाढते आणि खेडूत शहराची वाट धरतो. बिमल रॉय यांच्या ‘दो बिघा जमीन’ (१९५३) या चित्रपटातील शंभू याच वाटेने कलकत्त्यास जातो आणि जमीन वाचविण्यासाठी तेथे रिक्षा ओढतो. शंभूचे दुःख मोठे आहे. तथापि तू या देशाचा नाहीस, असे त्यास कोणी म्हणू शकत नाही. देशाची सीमा ओलांडणाऱ्याच्या वाट्याला दारिद्र्याखेरीज आणखी दोन संकटे येतात. त्याची वाणी मुकी होते, आणि त्याचे तेथील अस्तित्व कागदाच्या एका तुकड्यावर अवलंबून राहते.

अशा माणसाचे जीवन पडद्यावर कसे दाखवावे? तिकीट काढणारा प्रेक्षक बहुधा यजमान देशाचा असतो. त्यामुळे धंदेवाईक चित्रपटात परदेशी मनुष्य मोलकरीण, हमाल किंवा गुन्हेगार म्हणून क्षणभर येतो आणि कथा यजमानांचीच राहते. मोठ्या चित्रसंस्थांच्या भांडवलावर आणि संमतीवर विसंबून न राहता, थोड्या पैशात काढलेल्या चित्रपटास आपण स्वतंत्र चित्रपट म्हणतो. त्याला साधने कमी असतात व चित्रपटगृहेही कमी मिळतात. परंतु कथेच्या मध्यभागी कोणाला बसवावयाचे, हे ठरविण्याची मोकळीक त्याच्यापाशी असते. या मोकळिकीचा उपयोग कसा झाला, हे काही उदाहरणांवरून पाहू.

सेनेगलचे लेखक-दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांनी स्वतः फ्रान्समधील मार्सेय बंदरात गोदी कामगार म्हणून काम केले होते. त्यांचा ‘ला न्वार द...’ हा चित्रपट १९६६ साली आला. सेनेगल १९६० मध्ये स्वतंत्र झाला होता. डाकारमध्ये एका फ्रेंच कुटुंबाची मुले सांभाळणारी दिवाना ही तरुणी त्याच कामासाठी म्हणून फ्रान्समध्ये अँटिब येथे नेली जाते. तेथे तिच्या वाट्याला येतात ते स्वयंपाक, भांडी आणि केरवारे. समुद्रकिनाऱ्याचे ते रम्य नगर तिला खिडकीतूनच काय ते दिसते. मालकांसमोर ती एखाद-दुसरा शब्द बोलते. परंतु तिच्या मनातील विचार आपणास अखंड ऐकू येतात. ज्या बाईला घरातील माणसे मुकी व मठ्ठ समजतात, तिची बुद्धी किती जागी आहे, हे केवळ प्रेक्षकालाच ठाऊक असते. तिला लिहिता येत नाही, म्हणून आईच्या पत्राचे उत्तर मालक स्वतःच तिच्या नावाने लिहू लागतो. तेव्हा ती पत्र फाडून टाकते. परक्याने आपल्या तोंडी शब्द घालावेत, हे तिला सहन होत नाही. अखेरीस ती त्या घरात आत्महत्या करते. मालक तिचे सामान आणि राहिलेला पगार घेऊन डाकारला जातो. आई ते पैसे नाकारते. तिने मालकिणीला भेट दिलेला आफ्रिकी मुखवटा तोंडावर धरून एक लहान मुलगा त्याच्या मागे मागे चालतो, आणि तो मनुष्य घाबरून पळ काढतो. येथे एकही भाषण नाही; पण हिशेब कोणाकडे मागावयाचा, हे स्पष्ट होते.

पश्चिम जर्मनीत प्रश्नाचे स्वरूप निराळे होते. युद्धोत्तर उद्योगांना मनुष्यबळ हवे होते, म्हणून १९५५ मध्ये इटलीशी, १९६१ मध्ये तुर्कस्तानशी आणि १९६३ मध्ये मोरोक्कोशी करार होऊन तेथील कामगार आणले गेले. त्यांना ‘पाहुणे-कामगार’ असे गोड नाव मिळाले. त्या नावातच ‘कधीतरी परत जा’ ही सूचना दडलेली होती. ही भरती १९७३ मध्ये थांबली. पुढच्याच वर्षी रायनर व्हेर्नर फासबिंडर यांनी सुमारे पंधरा दिवसांत चित्रित केलेला ‘आंग्स्ट एसन झेले आउफ’ प्रदर्शित झाला. ‘भीती आत्म्याला खाते’ या अर्थाचे हे नाव मुद्दामच व्याकरणदृष्ट्या अशुद्ध ठेवले आहे, कारण ते मोरोक्कोहून आलेल्या अलीच्या मोडक्यातोडक्या जर्मनमधील वाक्य आहे. साठीच्या घरातील सफाई कामगार एमी अलीशी विवाह करते. मुले संतापतात, शेजारणी तोंड फिरवतात, वाणी माल द्यायला नाकारतो. काही दिवसांनी हीच माणसे परत गोड बोलू लागतात; वाण्याला गिऱ्हाईक हवे असते, मुलाला मूल सांभाळायला आई हवी असते. तिरस्काराची जागा प्रेमाने घेतलेली नाही, गरजेने घेतली आहे. शेवटी अली पोटातील व्रणाने कोसळतो. परदेशी कामगारांत हा विकार नेहमी आढळतो, असे डॉक्टर शांतपणे सांगतो. अपमान शरीरात साठतो, हे सत्य येथे एका रोगनिदानातून व्यक्त झाले आहे.

ग्रेगरी नावा यांचा ‘एल नोर्ते’ (१९८३) ग्वातेमालातील यादवीच्या काळात घडतो. पिता सैनिकांकडून मारला गेल्यावर एन्रिके व रोसा ही माया वंशाची भावंडे उत्तरेकडे निघतात. श्रीमंतांच्या लेखी गरीब म्हणजे केवळ दोन बाहू, असे पिता सांगत असे. उंदरांनी भरलेल्या सांडपाण्याच्या नळातून रांगत दोघे अमेरिकेत पोचतात. एन्रिके उपाहारगृहात कामास लागतो. तेथे त्याच्याविरुद्ध चुगली करतो तो गोरा मालक नव्हे, तर त्याच्याच भाषेचा, आधी स्थिरावलेला सहकारी. नळात चावलेल्या उंदरांपासून जडलेल्या ज्वराने रोसा दगावते. शेवटी मजुरांच्या घोळक्यात उभा राहून एन्रिके आपले बळकट बाहू दाखवितो. पित्याचे वाक्य खरे ठरते.

तो चुगलखोर सहकारी भारतीय वाचकाने विसरू नये. मीरा नायर यांच्या ‘मिसिसिपी मसाला’ (१९९१) मध्ये तोच प्रश्न आपल्या दारात येतो. इदी अमीन यांनी १९७२ मध्ये युगांडातून हाकललेले भारतीय कुटुंब अमेरिकेच्या दक्षिण भागात येऊन राहते. अन्यायाची जखम ताजी असते. तरीही मुलगी कृष्णवर्णीय तरुणावर प्रेम करते तेव्हा हेच कुटुंब वर्णाची भिंत उभारते. ज्याने अन्याय भोगला तो न्यायी होतोच असे नाही, हा या चित्रपटाचा बोध आपणास उद्देशून आहे.

असे चित्रपट पाहताना तीन प्रश्न विचारावेत. स्थलांतरिताचा आवाज त्याचा स्वतःचा आहे, की कोणी त्याच्या वतीने बोलतो? त्याचे श्रम पडद्यावर दिसतात, की त्यांचे फळ तेवढे दिसते? आणि कॅमेरा दाराच्या कोणत्या बाजूस उभा आहे? हे प्रश्न चित्रपटगृहातच संपत नाहीत. आपल्या घरी धुणीभांडी करणाऱ्या, आपली इमारत बांधणाऱ्या परप्रांतीय माणसाचे नाव आपणास ठाऊक आहे काय, हा त्यांचाच पुढचा भाग होय.