निंदा व छळ यांस ख्रिस्ती मनुष्यानें द्यावयाचें उत्तर

शास्त्रपाठ : १ पेत्र २ : १२, ३ : १३-१७, ४ : १४-१६. प्रेषितांचीं कृत्यें १६ : १९-४०.

श्रीवर्धन, हरिहरेश्वर, बागमांडलें अशा किनाऱ्यावरील गांवीं किंवा घाटावरील एखाद्या वाडींत जेथें ख्रिस्ती घर एखाददुसरेंच असतें, तेथें त्या घरास निंदा ऐकून घ्यावी लागते. "हे पोटासाठीं बाटले," "यांनीं कुळास बट्टा लावला," असे शब्द पाणवठ्यावर कानीं पडतात. कधीं शब्दांवरच भागत नाहीं. होडीवरचें काम मिळेनासें होतें, लग्नकार्याचें बोलावणें बंद होतें, आणि घरांत मृत्यु झाला तर खांदा द्यावयास कोणी येत नाहीं. अशा वेळीं काय करावें, हा प्रश्न पुष्कळ उपदेशकांस विचारला जातो. पेत्राचें पहिलें पत्र अशाच विखुरलेल्या व निंदिलेल्या लोकांस लिहिलेलें असल्यामुळें तें हातीं घेऊन आपण विचार करूं.

१. प्रथम आरोप तपासावा.

पेत्र दुःखाचे दोन भाग करितो. एक, मनुष्याच्या स्वतःच्या अपराधामुळें आलेलें. दुसरें, ख्रिस्ताच्या नांवामुळें आलेलें. दुसऱ्याची लाज मानूं नये असें तो सांगतो. पहिल्याचें भूषण मात्र तो मानूं देत नाहीं. म्हणून निंदा कानीं येतांच "माझा छळ होत आहे" असें म्हणण्यापूर्वीं आपण स्वतःस विचारावें : यांत खरें किती ? उसने घेतलेले पैसे फेडले आहेत काय ? शेजाऱ्याच्या देवांची थट्टा केली आहे काय ? मापांत, मजुरींत, बांधाच्या तंट्यांत आपण प्रामाणिक होतों काय ? दोष असेल तर तो कबूल करून भरून द्यावा. उधारी बुडविल्यामुळें दुकानदार रागावला, तर तो वधस्तंभ नव्हे.

२. जें आहे तें उघडें ठेवावें.

या बाबतींत पंडिता रमाबाईंचें उदाहरण मनन करण्याजोगें आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ सालीं इंग्लंडांत झाला. ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस शारदा सदन काढलें व पुढील वर्षीं तें पुण्यास नेलें. तेथें हिंदु मुलींस व विधवांस शिक्षण मिळे, आणि धर्मशिक्षण दिलें जाणार नाहीं असा नियम होता. परंतु बाई स्वतःच्या खोलींत प्रार्थना करीत, दार लावून घेत नसत, आणि काहीं मुली आपण होऊन तेथें जाऊन बसत. यावरून मोठें वादळ उठलें. 'केसरी'नें कठोर टीका केली. १८९३ सालीं सल्लागार मंडळांतील रानडे, भांडारकर आदि थोर गृहस्थांनीं अंग काढून घेतलें, आणि पुष्कळ पालकांनीं मुली परत नेल्या.

येथें न्यायानें बोललें पाहिजे. ज्या पालकांनीं धर्मशिक्षण होणार नाहीं या भरंवशावर मुली पाठविल्या, त्यांची काळजी सर्वथा खोटी नव्हती. कित्येक मुली पुढें ख्रिस्ती झाल्याही. तरी बाईंनीं काय केलें तें पाहावें. टीका शमावी म्हणून त्यांनीं आपली प्रार्थना लपविली नाहीं, आणि सदनांत राहणाऱ्या मुलींवर हिंदु आचार सोडण्याची सक्तीही केली नाहीं. सदनांत प्रारंभींच्या काळांत आलेल्या देवरुखच्या गोदूबाई तेथें शिकून हिंदूच राहिल्या. पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत बाईंनीं सुमारें ३०० मुली व स्त्रिया वांचवून केडगांवास आणिल्या. तेथील मुक्ति मिशन आजही चालू आहे. टीकेचे लेख आज थोडेच वाचतात. तें घर मात्र उभें आहे.

३. सूड घेऊं नये, पण न्याय मागण्यास भिऊं नये.

वाळीत पडणें हें केवळ ख्रिस्ती लोकांच्याच वाट्यास आलेलें नाहीं. वर सांगितलेल्या गोदूबाईंशीं धोंडो केशव कर्वे यांनीं १८९३ सालीं पुनर्विवाह केला, तेव्हां दापोली तालुक्यांतील त्यांच्या मुरुड गांवानें त्यांजवर बहिष्कार घातला, आणि त्यांच्या घरच्या मंडळींसही त्याची झळ लागली. अलीकडेही रायगड जिल्ह्यांतून गांवकीनें कुटुंबें वाळीत टाकल्याच्या पुष्कळ तक्रारी पुढें आल्या. त्यानंतर महाराष्ट्रांत सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा झाला व तो ३ जुलै २०१७ पासून लागू झाला. त्याप्रमाणें जातपंचायतीनें वा समाजानें आपल्यांतील कोणास वाळीत टाकणें हा गुन्हा असून ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात.

कोणी म्हणेल, विश्वासणाऱ्यानें सरकाराकडे कां जावें ? फिलिप्पै येथें पौल व सीला यांस चौकशीवांचून फटके मारून तुरुंगांत घातलें. दुसऱ्या दिवशीं अधिकारी त्यांस गुपचूप सोडूं लागले, तेव्हां पौलानें आपलें रोमी नागरिकत्व सांगून उघडपणें सन्मानानें बाहेर नेण्याची मागणी केली. त्यानें कोणास शिक्षा मागितली नाहीं. खरें तें कबूल करविलें. मागें लुदियेच्या घरीं नवी मंडळी राहणार होती. आपले शिक्षक गुन्हेगार होते असा कलंक तिच्यावर राहूं नये, हें उचितच होतें. म्हणून स्वतःचा अपमान सोसावा. पण लेकरांचें पाणी व विधवेची मजुरी तोडली जात असेल, तर जाणत्या मनुष्याचा व वकिलाचा सल्ला घेऊन कायद्याचा आधार घ्यावा. त्यांत विश्वासाची उणीव नाहीं.

आणि एक गोष्ट विसरूं नये. उद्यां गांवकीनें दुसऱ्याच कोणास वाळीत टाकलें, आणि आमची गांवांतील जागा टिकावी म्हणून आम्हीही त्याच्या दारीं जाणें सोडलें, तर आमच्या दुःखानें आम्हांस काहींच शिकविलें नाहीं. त्या घरीं पाण्याचा हंडा घेऊन जाणारा पहिला मनुष्य ख्रिस्ती असावा.

४. उत्तर सौम्यतेनें द्यावें.

पेत्र उत्तर देण्यास सिद्ध राहा म्हणतो, पण तें सौम्यतेनें व आदरानें. "पोटासाठीं बाटलास काय ?" असें कोणी विचारल्यास रागावूं नये. आजोबांस दुष्काळांत मिशननें भाकर दिली असेल, तर तें उपकार मानून सांगावें, लपवूं नये. मग हेंही सांगावें कीं भाकर संपली, पण प्रभु सुटला नाहीं. आणि कां सुटला नाहीं, तें आपल्या साध्या शब्दांत सांगावें. एवढें बोलून थांबावें. उरलेलें उत्तर आपल्या नित्याच्या वागण्यानें शेजाऱ्यास मिळत राहील.

मंडळींत विचारण्याचे प्रश्न

१. आपल्यावरील कोणत्या आरोपांत सत्याचा अंश आहे ? तो दूर करण्यास काय करावें ?
२. पौलानें आपला हक्क कोणासाठीं सांगितला ?
३. आपल्या गांवांत सध्यां कोणाच्या दारीं लोक जात नाहींत ? या आठवड्यांत तेथें कोण जाईल ?

प्रार्थनेचा विषय : जे आपली निंदा करितात, त्यांच्यासाठीं घरच्या प्रार्थनेंत त्यांचें नांव घेऊन, राग न धरितां, प्रार्थना करावी.