पेपराखालचं पाणी

मेसच्या भाजीत टोमॅटो जास्त झाला की आपण कुरकुर करतो. मी करत नाही, कारण माझी फी त्याच टोमॅटोतून येते. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावच्या बाजारापासून जवळ. म्हणून यंदा कविता न देता टोमॅटोवरच लिहितो.

उन्हाळी टोमॅटोला आम्ही पाच फुटांवर गादीवाफे पाडतो. वाफ्यावर ठिबकची नळी आणि तिच्यावर मल्चिंग पेपर. पेपरची चंदेरी बाजू वर, काळी खाली. चंदेरी बाजू ऊन परतवते, त्या चकाकीने मावा, पांढरी माशी कमी येते. काळ्या बाजूमुळे खाली उजेड जात नाही, म्हणून तण माजत नाही. शिवाय ओल उडून जात नाही.

आता पाण्याचं गणित. उन्हाळ्यात संदर्भ बाष्पोत्सर्जन दिवसाला ६ मिमी धरा. फळं लागल्यावर टोमॅटोचा पीक गुणांक १.१५. एका ड्रिपरच्या वाट्याची जमीन १.५ × ०.४ = ०.६ चौ.मी. गुणाकार केला की ४.१४ लिटर. म्हणजे ताशी ४ लिटरचा ड्रिपर रोज साधारण एक तास चालवायचा. सोपं आहे ना?

मागच्या उन्हाळ्यात हे गणित कागदावरच राहिलं. नळीच्या शेवटाकडच्या झाडांची फळं बुडाशी काळी पडायला लागली. दादा म्हणाले, "रोग आलाय, फवारू." दोन फवारण्या झाल्या, फरक शून्य. काढलेली फळं बांधावर फेकताना दादा काही बोलत नव्हते. माझ्या पुढच्या सेमिस्टरचे पैसे त्याच प्लॉटवर होते.

बुड काळं पडणं हा बुरशीचा रोग नव्हे. कॅल्शियम पाण्याबरोबरच फळात पोचतं. पाण्यात खंड पडला की फळाला ते कमी पडतं. पण वाफा झाकलेला, माती कोरडी आहे हे दिसणार कसं?

मी पेपरची कड उचलली, ड्रिपरखाली छोटा खड्डा केला आणि त्यात ग्लास ठेवला. सहा मिनिटं म्हणजे तासाचा दहावा भाग, ४०० मिली यायला हवं. सुरुवातीला ३९० आलं, शेवटी १८०. दाब कमी असेल म्हणून गेज लावून पाहिला. शेवटी दाब फक्त दहा टक्क्यांनी कमी होता. साध्या ड्रिपरचा प्रवाह दाबाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणजे पाणी पाचेक टक्केच घटायला हवं होतं. निम्म्याहून जास्त घटलं, याचा अर्थ ड्रिपर तुंबले होते. विहिरीच्या जड पाण्याचा क्षार आत बसला होता.

मग ॲसिड ट्रीटमेंट केली. (ॲसिड नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही.) दुसऱ्या दिवशी नळ्यांची टोकं उघडून गाळ वाहू दिला, फिल्टरची जाळी घासली. ग्लासात ३६० आलं. काळी पडलेली फळं गेली ती गेलीच, पण पुढचे तोडे चांगले निघाले.

तेव्हा, ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी एवढं करा: पेपर अंथरण्याआधी ठिबक चालवून प्रत्येक नळीच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी पाणी मोजा. नंतरही महिन्यातून एकदा मोजा. पीक निघालं की पेपर गोळा करा, नांगराखाली घालू नका.

यंदा वाफे तयार झाल्यावर दादांचा होस्टेलवर फोन आला, "शनिवारी ये. तू मोजल्याबिगर पेपर टाकत नाही."