वय सांगावे, पण किती सांगावे?



एस.टी.त ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धे तिकीट असते. कंडक्टर आपल्याकडे बघतो आणि तिकीट देतो. ७५ वर्षांपुढच्या आजी-आजोबांना २०२२ पासून पैसेच पडत नाहीत. ते आधार कार्ड दाखवतात, कंडक्टर बघतो आणि परत देतो. कार्ड पुन्हा खिशात! याला म्हणतात वयाची पडताळणी.

आता मोबाईलवरही वय विचारतात. का बरे? इंटरनेटवर काही गोष्टी लहान मुलांनी बघण्यासारख्या नसतात. अनोळखी माणसेही तिथे गोड बोलून फसवतात. म्हणून ऑस्ट्रेलियात १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना मोठ्या सोशल मीडियावर खाते ठेवता येत नाही. आपल्या देशाच्या २०२३ च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळे ‘बालक’ आहेत. त्यांची माहिती घेण्यापूर्वी कंपनीने आई-वडिलांची खात्रीशीर संमती घ्यावी, असे त्यात सांगितले आहे. मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखवायलाही मनाई आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. संमतीचा नियम लागू व्हायला त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे.

मोबाईल वय कसे ओळखतो?

१) जन्मतारीख विचारून. हे सोपे, पण कोणीही बाबांचे जन्मसाल टाकून मोकळा होतो.
२) ओळखपत्राचा फोटो मागून. खात्री होते, पण वयाबरोबर नाव, पत्ता, फोटो, नंबर असे सगळेच जाते.
३) चेहरा बघून. कॉम्प्युटर अंदाज बांधतो. अंदाज एक-दोन वर्षांनी चुकला, तर १७ वर्षांचा मुलगा आत जातो आणि १९ वर्षांचा बाहेर राहतो.

इथेच खरी अडचण आहे. लहान कोण हे शोधायचे, तर मोठ्यांनाही वय विचारावे लागते. म्हणजे नियम मुलांसाठी, पण कागद सगळ्या गावाचे! कंडक्टर कार्ड बघून विसरतो, पण कॉम्प्युटरला दिलेला फोटो कुठे तरी साठून राहू शकतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड नावाच्या कंपनीने सांगितले, की सुमारे ७० हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. वयाबद्दलच्या तक्रारी सोडवण्यासाठी ते फोटो घेतले होते. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. चेहरा आणि जन्मतारीख कशी बदलणार?

आपली माहिती आपल्या ताब्यात असणे याला खासगीपणा म्हणतात. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. मला वाटते, तो आपल्यासारख्या मुलांचाही आहे.

मग काय, पडताळणी नकोच? तसे नाही. मुलांना जपायलाच हवे. पण विचारायचे तेवढेच विचारावे. ‘तुझे वय १८ च्या पुढे आहे का?’ याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच पुरते. नाव-गाव कशाला? युरोपमध्ये २०२५ साली अशा ॲपचा नमुना तयार झाला. ते फक्त वयाची मर्यादा पार झाली की नाही एवढेच सांगते.

आपण काय करावे?

• घरात विचारल्याशिवाय कोणत्याही ॲपला आधार कार्डाचा फोटो देऊ नये.
• द्यावाच लागला तर ‘मास्क्ड आधार’ वापरावे. त्यात नंबरचे शेवटचे चारच आकडे दिसतात. जन्मतारीख मात्र त्यावरही असते, हे विसरू नये.
• वाढदिवसाचा फोटो टाकताना पूर्ण तारीख, साल आणि शाळेचे नाव लिहू नये.
• पालकांनी ‘संमती आहे’ हे बटण वाचूनच दाबावे. मुलाला सांगून दाबले तर आणखी चांगले.

घरी विचारा आणि वहीत लिहा:

१) आपल्या घरातील मोबाईलवर किती ॲपना आपली जन्मतारीख माहीत आहे?
२) त्यांतल्या किती ॲपना ती खरोखर लागते?
३) दुकानदाराने, शाळेने आणि ॲपने वय विचारणे यांत काय फरक आहे?

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी