खड्ड्यांत बरं, घरात फोड

प्रश्न : रविवारी मैत्रिणींबरोबर येऊरपर्यंत सायकलने जाते, तेव्हा काही होत नाही. पावसाळ्यात मात्र घरातल्या व्यायामाच्या सायकलवर पाऊण तास काढला की मांडीच्या आतल्या बाजूला आणि तळहातावर फोड येतात. रस्त्यावर एवढे खड्डे असून असं उलटं का? – एक वाचक, ठाणे

उत्तर : महापालिकेला सांगू नका, पण ते खड्डेच तुम्हाला वाचवतात. खड्डा दिसला की आपण नकळत सीटवरून उठतो, वळणावर कलतो, उतारावर पाय थांबवतो, सिग्नलला एक पाय खाली टेकतो. दर वेळी त्वचेवरचा भार हलतो. घरातली सायकल जागची हलत नाही आणि तिच्यावर बसलेला माणूसही. जिममधल्या अनेक स्पिन बाईक्सचं जड चाक तर पायडलला असं जोडलेलं असतं, की चाक फिरतंय तोवर पायांना सुट्टी नाही.

फोड नुसत्या वरवरच्या घासण्याने येत नाही. वरची कातडी कापडाला चिकटून राहते, आतलं हाड मात्र पायडलबरोबर पुढे-मागे होत राहतं. मधल्या थरांची ओढाताण होऊन ते एकमेकांपासून सुटतात आणि त्या पोकळीत पाणी भरतं. कोरडी कातडी सरकते. घामाने दमट झालेली चिकटते. रस्त्यावर तुमच्याच वेगाचा वारा घाम वाळवतो. बंद खोलीत, त्यातून ठाण्याच्या जुलैमध्ये, तो वाळणार कसा?

म्हणून मलमाआधी पंखा. छतावरचा पुरत नाही. टेबलफॅन समोर, छातीच्या उंचीवर हवा. दर आठ-दहा मिनिटांनी पंधरा-वीस सेकंद पायडलवर उभं राहा. हे दोन उपाय फुकट आहेत, बहुधा म्हणूनच कोणी करत नाही.

मग सीटची उंची. टाच पायडलवर ठेवून पायडल अगदी खाली न्या. गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. चवड्याने चालवताना तो आपोआप थोडा वाकलेला राहील. सीट जास्त उंच असेल तर दर फेरीला कंबर डावी-उजवीकडे झुलते आणि मांडी काचते.

पॅडेड शॉर्ट्स घेतल्या असतील तर त्या आतल्या कपड्याशिवाय घालायच्या असतात. संकोच समजतो, पण आतल्या कपड्याची शिवणच फोड आणते. काचणाऱ्या जागी व्हॅसलीनचा पातळ थर पुरे. (सायकलपटूंचं खास क्रीम मुळात शॉर्ट्समधलं कातडी अस्तर मऊ ठेवण्यासाठी होतं, आता अस्तर कृत्रिम आहे, क्रीम राहिलं.) टाल्कम पावडर नको, घामात तिचे गोळे होतात. व्यायाम झाला की त्याच ओल्या शॉर्ट्सवर चहा घेत बसू नका.

तळहाताचे फोड म्हणजे अंगाचा भार हातांवर येतोय. हँडल थोडं वर घ्या, कोपर सैल ठेवा, मूठ आवळू नका. हँडलवर कोरडा नॅपकिन टाका. पायालाही त्रास होऊ लागला तर सुती मोजे बदला, ते घाम धरून ठेवतात. टाचेसाठी औषधाच्या दुकानातली सर्जिकल पेपर टेप कोरड्या पायाला आधीच लावावी. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लांब पल्ल्याच्या धावपटूंना टेप लावलेल्या जागी फोड कमी आले होते.

आलेला फोड फोडू नका. वरची कातडी हीच सगळ्यांत चांगली पट्टी. आपोआप फुटला तर ती सोलून न काढता साबण-पाण्याने धुवा आणि झाका. भोवती लाली पसरली, पू दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जा. मधुमेह असेल तर एवढीही वाट पाहू नका.

आणखी एक तपासा : फोड दर वेळी एकाच मांडीला येतो का? तसं असेल तर सीटचं टोक एका बाजूला वळलंय का पाहा. सीट सरळ असेल तर तुम्ही तिरक्या बसता. टीव्ही समोर नाही, बाजूला असला की हमखास असं होतं.