हृदयातील झडपा

विहिरीवर इंजिन बसवले की पाण्यातल्या पाइपाच्या तोंडाशी आपण झडप लावतो. पाणी वर चढताना ती उघडते. इंजिन थांबले की मिटते, पाणी परत विहिरीत पळत नाही. ती बिघडली म्हणजे काय हाल होतात, ते शेतकऱ्याला सांगायला नको.

तशाच ४ झडपा आपल्या हृदयात आहेत. हृदय म्हणजे काळीज. (खाटकाकडची कलेजी निराळी बरे का! ते यकृत.) या झडपा रक्ताला पुढे जाऊ देतात, मागे फिरू देत नाहीत. छातीला कान लावला तर धडधड ऐकू येते. तो या झडपा मिटण्याचा आवाज. दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा त्या उघडतात नि मिटतात.

हा धडा लिहिण्याआधी आम्ही बकऱ्याचे हृदय आणून चिरून पाहिले. माणसाच्या हृदयाची ठेवणही तशीच असते. झडपेची पाने पांढुरकी नि कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ. ओढून पाहिली, तुटेनात! माणसाच्या झडपेचे पानही १ मिलिमीटरहून पातळ असते, पण त्यात ३ थर असतात. एका थरात सुंभासारखे चिवट तंतू असतात. ते ताण सोसतात. दुसऱ्या बाजूचे तंतू रबरासारखे. पान ताणले गेले की ते त्याला परत जागेवर आणतात. मधला थर गादीसारखा मऊ. वरच्या नि खालच्या कप्प्यांमधल्या दोन झडपांना खालून बारीक दोऱ्याही असतात. म्हणून वाऱ्यात छत्री उलटते तशी पाने उलटत नाहीत.

एवढी चिवट वस्तू बिघडते कशी? पुष्कळदा घशापासून. ५ ते १५ वर्षांच्या मुलाचा घसा एका जातीच्या जंतूंमुळे दुखतो. औषध होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, गुडघा सुजतो. तो उतरतो तोच कोपर सुजते. वाढीच्या वयात सांधे दुखायचेच, असे घरचे म्हणतात. सूज उतरतेही. सांधे पुन्हा धड होतात. पण जंतूंना मारायला शरीराने उभे केलेले बळ चुकून स्वतःच्या झडपांवर उलटलेले असते. पाने जाड होतात, कडांना चिकटतात, दोऱ्या आखडतात. मग दार धड उघडत नाही, धड मिटत नाही. पुढे काही वर्षांनी घागर घेऊन चढ चढताना दम लागतो. कित्येक बायांना हे बाळंतपणातच कळते.

घसा दुखतो तेव्हाच डॉक्टरने दिलेले औषध पुरे घेतले तर हा ताप टळतो. एकदा ताप येऊन गेला, तर दर ३-४ आठवड्यांनी पेनिसिलिनची सुई वर्षानुवर्षे घ्यावी लागते. काही दुखत नसताना सुई कशाला, म्हणून लोक ती सोडतात. ताप परत येतो आणि झडप आणखी बिघडते.

फार बिघडलेली झडप बदलता येते. केरळातील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. वलियाथन व त्यांच्या सोबत्यांनी आपल्या देशात अशी झडप घडवली. डिसेंबर १९९० मध्ये ती पहिल्या रोग्याला बसवली. धातूचे कडे नि त्यात कलणारी प्लास्टिकची चकती, एवढेच ते यंत्र. पण त्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर गोळी घ्यावी लागते, वरचेवर रक्त तपासावे लागते. अशी धातूची झडप बसवली की रात्री सामसूम झाल्यावर कित्येकांना आपल्याच छातीतली टिकटिक ऐकू येते.