ताऱ्यांची प्रत : दिसणे आणि असणे

फेब्रुवारी महिन्यात रात्री नवाच्या सुमारास पन्हाळ्याच्या तटावरून दक्षिणेकडे पाहिले, तर दोन तेजस्वी तारे नजरेत भरतात. वरचा निळसर पांढरा तारा म्हणजे व्याध. त्याच्या बराच खाली, क्षितिजापासून वीसेक अंशांवर दिसतो तो अगस्ती. यांत मोठा कोणता, असे विचारले तर कोणीही व्याधाकडेच बोट दाखवील. आम्ही मित्रांनीही तेच केले होते. हे उत्तर बरोबर की चूक हे ठरविण्यासाठी ताऱ्यांचे तेज कसे मोजतात, ते प्रथम पाहू.

ताऱ्यांची तेजानुसार वर्गवारी करण्याची कल्पना दोन हजार वर्षांहून जुनी आहे. तिचे श्रेय परंपरेने हिप्पार्कस या ग्रीक ज्योतिर्विदाला देतात. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे आणि नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारे सहाव्या प्रतीचे, अशी ही मांडणी होती. आपल्या परीक्षेतील वर्गांप्रमाणेच येथेही आकडा लहान तितकी योग्यता मोठी!

परंतु एका प्रतीपासून दुसरीपर्यंत तेजात नेमका किती फरक असतो? १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसन यांनी याचे सूत्र सुचविले. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पटींचा फरक. अर्थात एका प्रतीचा फरक सुमारे अडीच पट. असा गुणाकाराचा हिशेब का? कारण आपला डोळा साधारणपणे पटीनेच तुलना करतो. एका समईशेजारी दुसरी लावली, तर उजेड वाढलेला चटकन कळतो. शंभर समयांत एकीची भर पडली, तर कळतही नाही. हेच पॉगसन १८६१ मध्ये मद्रास वेधशाळेचे प्रमुख होऊन आले. तेथील त्यांचे सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये तेज कमीजास्त होणारा, म्हणजेच रूपविकारी, असा एक नवा तारा शोधून काढला.

सूत्र मिळाल्यावर प्रती अपूर्णांकांत मोजता येऊ लागल्या आणि शून्याच्या खालीही गेल्या. ध्रुव सुमारे २, अभिजित जवळजवळ ०, अगस्ती उणे ०.७, व्याध उणे १.५, तर सूर्य उणे २६.७! व्याध आणि अगस्ती यांच्यातील फरक प्रतीच्या पाऊण भागाइतका. म्हणजे व्याध अगस्तीच्या जवळजवळ दुप्पट तेजस्वी दिसतो.

आता आमच्या प्रश्नाकडे वळू. दिव्यापासून दुप्पट दूर गेले की उजेड निम्मा नव्हे, तर एक चतुर्थांश होतो. व्याध आपल्यापासून ८.६ प्रकाशवर्षे दूर आहे आणि अगस्ती सुमारे ३१०; म्हणजे छत्तीस पट लांब. छत्तीसचा वर्ग सुमारे तेराशे. व्याध दुप्पट तेजस्वी दिसतो म्हणून त्याचे निम्मे केले, तरी अगस्तीचा खरा प्रकाश व्याधाच्या सुमारे साडेसहाशे पट भरतो! आमचे बोट चुकीच्या ताऱ्याकडे गेले होते. असा अन्याय टाळण्यासाठी शास्त्रज्ञ सर्व तारे ३२.६ प्रकाशवर्षांवर आणून ठेवले आहेत अशी कल्पना करतात. त्या अंतरावरून जी प्रत दिसेल, ती ताऱ्याची ‘निरपेक्ष प्रत’. आपला प्रतापी सूर्य या पंक्तीत पाचव्या प्रतीच्या आसपास, अगदी सामान्य ठरतो.

आज हे मोजमाप इलेक्ट्रॉनिक कॅमेऱ्याने होते. जुन्नरजवळ गिरवली येथे पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेची दोन मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण २००६ पासून आहे. अशा दुर्बिणीवरील कॅमेरा ताऱ्याकडून आलेला प्रकाश मोजतो. त्यातून भोवतालच्या आकाशाचा उजेड वजा करतात आणि उरलेला आकडा प्रत माहीत असलेल्या ताऱ्याशी ताडून पाहतात. साधन बदलले, तरी तत्त्व तुलनेचेच राहिले.

म्हणून आपल्याजवळ यंत्र नाही, याचे वाईट वाटण्याचे कारण नाही. मृगातील तांबूस काक्षी तारा एरवी साधारण ०.५ प्रतीचा असतो. २०१९ च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत उतरला. ताऱ्याने बाहेर टाकलेली धूळ आड आली आणि त्याच्या पृष्ठाचा काही भाग निवला, असे संशोधकांना आढळले. हा बदल नुसत्या डोळ्यांनीही कळत होता. एरवी रोहिणीपेक्षा ठळक दिसणारा काक्षी तेव्हा मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरील ताऱ्याइतका फिका झाला होता. अशी तुलना करताना एक पथ्य पाळावे : दोन्ही तारे शक्यतो सारख्याच उंचीवर असावेत, कारण क्षितिजाजवळची दाट हवा बराच प्रकाश गिळते. अगस्तीचे त्यामुळेही थोडे नुकसान होतेच.

लग्नात वधूवरांना दाखवितात ती अरुंधती चौथ्या प्रतीची आहे. काळोख्या गावी ती सहज सापडते. शहरातल्या दिव्यांच्या झगमगाटात मात्र तिच्या शेजारचा दुसऱ्या प्रतीचा वसिष्ठ तेवढा दिसतो. पुरोहित बोट दाखवितात आणि आपण ‘दिसली’ म्हणून मोकळे होतो. एप्रिलच्या एखाद्या निरभ्र, चांदणे नसलेल्या रात्री प्रथम रंकाळ्यावरून आणि मग पन्हाळ्यावरून अरुंधती शोधून पाहावी. आपल्या आकाशातील किती प्रती आपण गमावून बसलो आहोत, याचे मोजमाप आपले आपल्यालाच करता येईल.